सुक्याबरोबर ओलं

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



सकाळी सात-सव्वासातला आमच्या गल्लीच्या तोंडाशी गाणं वाजायला लागतं. आधी नुसती घंटा होती, म्हणून नाव पडलं घंटागाडी. आता घंटा गेली, लाऊडस्पीकर आला, नाव मात्र तेच राहिलं. गाणं ऐकू आलं की गल्लीत जी धावपळ उडते ती एस.टी. सुटायच्या वेळी स्टँडवर उडते तशी. कुणी बादली घेऊन, कुणी काळी पिशवी घेऊन, कुणी लहान पोराच्या हाती डबा देऊन धावतं. दोन मिनिटांत घरातलं कालचं सगळं नकोसं झालेलं गाडीत जातं आणि आपण दार लावून घेतो.

त्या दारापाशीच आज मला थोडं थांबायचं आहे.

मला कवी म्हणून बोलावतात ते बहुधा पावसाळ्याच्या तोंडावर, नाहीतर ईद-दिवाळीला. घरच्या कचऱ्यावर बोला म्हटल्यावर मी जरा दचकलोच. पण सांगण्यासारखी एक गोष्ट माझ्यापाशी होती. ती फारशी भूषणाची नाही, तरी तिथूनच सुरुवात करतो.

रमजानचे दिवस होते, उन्हाळा होता. संध्याकाळी रोजा सोडायच्या वेळी घरात घाई असते. त्या घाईत शरबताचा एक ग्लास हातातून निसटला आणि फुटला. काचा मीच झाडून गोळा केल्या. टाकायच्या कुठं? समोर टरबुजाच्या सालींची पिशवी होती, तिच्यात टाकल्या. पिशवीला गाठ मारली, हात धुतले. दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी गाडीत गेली. माझ्यापुरता विषय संपला.

आमच्याकडं येणाऱ्या गाडीवर एक ड्रायव्हर असतो आणि मागं एक बाई असतात, चाळिशीच्या आसपासच्या. गाडीच्या मागच्या कडीला त्यांनी एक पोतं बांधलेलं असतं. गाडी या दारापासून त्या दारापर्यंत जाईस्तोवर त्या पिशव्या सोडतात, आत हात घालतात आणि पुठ्ठा, बाटल्या, पत्र्याचे डबे काढून पोत्यात टाकतात. दुपारी ते पोतं भंगारवाल्याकडं जातं. रोजी ठेकेदार देतो, आणि घरचा भाजीपाला या पोत्यातून निघतो. त्या दिवसानंतर बाई चार दिवस आल्या नाहीत. पाचव्या दिवशी आल्या तेव्हा उजव्या हाताला फडकं गुंडाळलेलं होतं. बायकोनं विचारलं, तर म्हणाल्या, "काही नाही जी, कोणाच्या तरी टरबुजाच्या सालीत काच होती. तीन टाके पडले." चार दिवसांची रोजी गेली ती वेगळीच.

मी तिथंच दारात उभा होतो. बोललो नाही. तीस वर्षं शब्दांत घालवलेल्या माणसाला त्या वेळी वाक्य सुचलं नाही, असं म्हणून सुटता आलं असतं. पण ते खरं नाही. वाक्य सुचलं होतं. 'बाई, ती काच आमच्या घरची.' एवढंच तर वाक्य. ते म्हणायची लाज वाटली.

त्यानंतर मी आमच्या घरातल्या बादलीकडं जरा लक्ष देऊन पाहू लागलो. रोज काय जातं त्यात? भाजीची देठं, चहाचा गाळ, कांद्याची टरफलं, उरलेली भाजी, हाडं, दुधाच्या पिशव्या, बिस्किटांचे चकचकीत कागद, औषधांच्या रिकाम्या पट्ट्या, पुठ्ठ्याची खोकी, जुनी वर्तमानपत्रं, कधी चप्पल, कधी बॅटरीचे सेल. यातली एकेक वस्तू सुटी पाहिली तर तिचं काही ना काही होऊ शकतं. भाजीच्या देठांचं खत होतं. वर्तमानपत्राला रद्दीवाला पैसे देतो. दुधाची पिशवी धुऊन वाळवली तर भंगारात जाते. पण हे सगळं एका बादलीत, एकावर एक पडलं की चहाच्या गाळानं कागद भिजतो, भाजीच्या रश्शानं पिशवी बरबटते आणि देठांमध्ये काच जाऊन बसते. मग त्या कागदाला भाव नाही आणि त्या देठांचं खतही नाही. दोन कामाच्या वस्तू एकमेकींना लागल्या आणि दोन्ही निकामी झाल्या. कचरा असा आपल्या स्वयंपाकघरात, आपल्याच हातानं तयार होतो. गाडी येण्याआधी तो नसतोच, असतात त्या नुसत्या वस्तू.

आपल्याकडं म्हण आहे, सुक्याबरोबर ओलंही जळतं. दोषी माणसाबरोबर निर्दोष भरडला गेला की आपण ती वापरतो. पण गावाबाहेर जिथं या गाड्या रिकाम्या होतात, तिथं एकदा उन्हाळ्यात जाऊन पाहा. तिथं ही म्हण अक्षरशः खरी आहे. ढिगाच्या पोटात ओलं दबलेलं असतं, त्याला हवा लागत नाही, ते कुजतं आणि त्यातून मिथेन नावाचा जळणारा वायू निघतो. वर सुकं पडलेलं असतं. एक ठिणगी पुरते, कधी कुणी मुद्दामही लावतं. मुंबईत देवनारला १९२७ पासून कचरा पडतो आहे. तिथं २०१६ च्या जानेवारीत लागलेली आग कित्येक दिवस विझत नव्हती आणि तिचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला होता. आपल्या तालुक्याच्या गावातल्या ढिगाचं छायाचित्र उपग्रह घेत नसेल. पण वारा फिरला की तो धूर आपल्या अंगणात येतोच. त्यात प्लास्टिक जळत असतं, आणि प्लास्टिकच्या धुरात काय काय विष असतं हे आता शाळेतली पोरंही सांगतात.

आता कुणी म्हणेल, हे ओलं-सुकं वेगळं करणं म्हणजे सरकारनं काढलेलं नवीन खूळ आहे. मला तसं वाटत नाही, कारण माझ्या लहानपणी ते घरोघर होतं, फक्त त्याला कुणी 'वर्गीकरण' म्हणत नव्हतं.

आमच्या घरात भिंतीत एक कोनाडा होता. रस्त्यात, अंगणात कुठंही उर्दू-अरबी लिहिलेला कागद पडलेला दिसला की अम्मी तो उचलायची, कपाळाला लावायची आणि त्या कोनाड्यात ठेवायची. त्यावर अल्लाहचं नाव असेल, ते पायाखाली येता कामा नये. अम्मीला वाचता येत नव्हतं, त्यामुळं साबणाची उर्दू जाहिरातही कोनाड्यात जायची. कोनाडा भरला की वडील ते सगळे कागद नेऊन वाहत्या पाण्यात सोडायचे किंवा स्वच्छ जागी पुरायचे. त्याला आमच्यात 'ठंडा करणं' म्हणतात. भाकरीचा तुकडा जमिनीवर दिसला तर तोही उचलून उंचावर ठेवायचा, पाखरं खातील. शेजारी देशमुखांच्या वाड्यात निर्माल्याची टोपली वेगळी असायची. देवाला वाहिलेलं फूल केरात टाकायची त्या घरात कुणाची छाती नव्हती. खरकटं गाईच्या घमेल्यात जायचं. म्हणजे काय कशात टाकायचं आणि काय कशात टाकायचं नाही, हे आपल्या घरांना पक्कं ठाऊक होतं. आपला हात तेव्हा बादलीवर थबकत असे, एवढंच मला म्हणायचं आहे. निर्माल्य नदीत सोडणं बरोबर की चूक, हा वेगळा वाद आहे.

आणि जे देवाधर्माचं नव्हतं, त्याला गिऱ्हाईक होतं. रद्दी, लोखंड, बाटल्या घ्यायला भंगारवाला सायकलवर यायचा. जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या बाया यायच्या. एका पातेल्यासाठी आई-आजींनी त्यांच्याशी केलेली घासाघीस ज्यांनी ऐकली त्यांना ती आठवत असेल. विंचरताना गळलेले केससुद्धा बायका गुंडाळून भिंतीच्या फटीत ठेवायच्या, कारण केसांवर फुगे नाहीतर सुया-पिना देणारा फिरत असे. 'रद्दी' हा शब्द अरबीतल्या 'रद्द'वरून आला, म्हणजे परत लावलेलं, नाकारलेलं. पण आपल्या बाजारानं नाकारलेल्यालाही किलोचा भाव लावला! त्या भावात माझेही दोन कवितासंग्रह गेले असणार, त्याबद्दल माझी तक्रार नाही. भंगारातलं लोखंड तेव्हाही कुठं तरी वितळत होतं, आजही वितळतं. जालन्याच्या सळया बनवणाऱ्या कारखान्यांत महाराष्ट्रभरचं भंगार जातं. परदेशात आता जे 'रीसायकलिंग' म्हणून फार कौतुकानं सांगतात, ते आपल्याकडं सायकलला पोतं बांधून गल्लोगल्ली फिरत होतं. भंगारच्या धंद्यात आमच्या समाजातली पुष्कळ माणसं आहेत. त्यांना 'भंगारवाला' म्हणताना आपला स्वर कसा लागतो, ते एकदा आपलं आपणच ऐकावं.

उरलं ते उकिरड्यावर. उकिरडा हा शब्द आपण शिवीसारखा वापरतो, पण शेतकऱ्याच्या घरी उकिरडा म्हणजे पैसा होता. राख, शेण, गोठ्यातला केर, पालापाचोळा वर्षभर त्यात पडायचा आणि मृगाच्या आधी गाड्या भरून शेतात जायचा.

या उकिरड्याला शास्त्र देणारा माणूस आपल्या जिल्ह्यातला आहे, आणि तो आपल्यालाच फारसा माहीत नाही, याचं मला वाईट वाटतं. पुसदचे ना. दे. पांढरीपांडे. गांधीविचारांचे कार्यकर्ते. त्यांच्या नावाची आद्याक्षरं घेऊन त्यांच्या खताच्या पद्धतीला 'नाडेप' म्हणतात आणि त्यांना लोक 'नाडेप काका' म्हणत. देशभरच्या कृषी खात्यांच्या पुस्तिकांत हा शब्द आहे. परप्रांतातल्या कितीतरी शेतकऱ्यांना वाटतं, की नाडेप हे एखाद्या इंग्रजी नावाचं लघुरूप असावं.

पद्धत साधी आहे. विटांचं एक टाकं बांधायचं, दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच, आणि भिंतींना जाळीसारखी भोकं ठेवायची, हवा खेळावी म्हणून. आत थर द्यायचे. आधी काडीकचरा, पालापाचोळा. त्यावर शेणाचं पाणी. त्यावर चाळलेली माती. पुन्हा तसंच. एका टाक्याला चौदाशे-पंधराशे किलो काडीकचरा लागतो, पण शेण लागतं फक्त नव्वद ते शंभर किलो. वरून मातीनं लिंपून टाकायचं, ओल राखायची आणि तीन-चार महिने थांबायचं. सुमारे तीन टन खत निघतं. शेण थोडं आणि केर पुष्कळ, हीच त्यातली हुशारी. ज्याच्याकडं एकच गाय आहे त्यालाही खताचं टाकं भरता यावं, असा त्यामागचा विचार. त्या कृतीत एक अट मात्र आवर्जून सांगितलेली असते: मातीत काच, दगड, प्लास्टिक नको.

त्याही आधीची एक गोष्ट आपल्या कपाशीशी जोडलेली आहे. अल्बर्ट हॉवर्ड नावाचे इंग्रज शास्त्रज्ञ १९२४ ते १९३१ या काळात इंदूरला होते. त्यांच्या संस्थेला कापूस समितीचा पैसा होता. कपाशीची झाडं उपटल्यावर उरणारी पऱ्हाटी, जी आपण चुलीत घालतो किंवा धुऱ्यावर पेटवून देतो, तिचं खत कसं करायचं हा त्यांच्यापुढं एक प्रश्न होता. पऱ्हाटी लाकडासारखी टणक, ती लवकर कुजत नाही. त्यांनी काय करावं? ती शेताच्या वाटेवर अंथरली. येणाऱ्या-जाणाऱ्या बैलगाड्यांच्या चाकांखाली ती चेचली जाई आणि मग खताच्या ढिगात जाई. १९३१ साली त्यांनी यावर पुस्तक लिहिलं तेव्हा त्यावर दुसरं नाव होतं यशवंत वाड यांचं. जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून जे कंपोस्ट ओळखलं जातं, त्यात हा मराठी माणूस बरोबरीनं होता.

मग हे सगळं असताना आपल्या गावचा ओला कचरा शेतात का जात नाही? यवतमाळ जिल्हा कोरडवाहू कपाशीचा. जमिनीला सेंद्रिय खत मिळत नाही, ती कडक होत चालली, पाणी धरत नाही, असं प्रत्येक कृषी मेळाव्यात सांगतात. शहराला खत नको आहे आणि शेताला हवं आहे. मध्ये अंतर फक्त चार-पाच किलोमीटरचं. मी आमच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याला हेच विचारलं. तो म्हणाला, "भाऊ, एकदा आणलं होतं गावचं खत. वखर फिरवला तर पासेला पन्न्या गुंडाळून आल्या. बैलाच्या खुरात काच घुसली. फुकट दिलं तरी नाही पाहिजे आता." तीच काच, श्रोतेहो. माझ्या टरबुजाच्या सालीतली. बाईच्या हातात घुसली नसती तर बैलाच्या खुरात घुसली असती.

प्लास्टिकनं हा घोटाळा किती वाढवला ते वेगळं सांगायला नको. २६ जुलै २००५ ला मुंबई बुडाली तेव्हा तुंबलेल्या नाल्यांत पिशव्या सापडल्या. त्यानंतर पातळ पिशव्यांवर राज्यात नियम आले. मार्च २०१८ मध्ये तर मोठीच बंदी आली. आठवडी बाजारात दोन महिने कापडी पिशव्या दिसल्या, मग पातळ पिशव्या पाहुण्यासारख्या परत आल्या आणि राहिल्या. कायद्यांची आपल्याकडं वाण नाही. अल्मित्रा पटेल या बाईंनी १९९६ साली सर्वोच्च न्यायालयात कचऱ्यावर याचिका लावली आणि त्यातून २००० साली देशभरासाठी पहिले नियम झाले. २०१६ साली ते नव्यानं लिहिले गेले. त्यात ओला, सुका आणि घातक असा कचरा घरीच वेगळा करावा, तो उघड्यावर जाळू नये, आणि कचरा वेचणाऱ्यांना या व्यवस्थेत सामावून घ्यावं, असं स्पष्ट लिहिलं होतं. जपानमध्ये शिकोकू बेटावर कामिकात्सू नावाचं एक छोटं गाव आहे. तिथले लोक कचरा चाळीसहून अधिक प्रकारांत वेगळा करतात आणि स्वतः केंद्रावर नेऊन देतात. आपण दोन प्रकारांतच अडकून पडलो आहोत.

आता तुमच्यातला कुणी तरी मनात जे म्हणत असेल, ते मीच म्हणतो. 'आम्ही वेगळं करतो हो, पण गाडीवाला तर सगळं एकत्रच टाकतो!' खरं आहे. माझ्याही डोळ्यांदेखत झालं. आम्ही घरी दोन बादल्या केल्या, निळी आणि हिरवी. आठ दिवस मोठ्या उत्साहानं भरल्या. गाडीला दोन कप्पे होते, पण मधली फळी कधीच निखळून गेलेली. दोन्ही बादल्या एकाच ढिगावर उलट्या झाल्या. मी ड्रायव्हरशी भांडलो. तो बिचारा वीस-बावीस वर्षांचा पोरगा. म्हणाला, "काका, पैसे वजनावर आहेत. वेगळं आणलं का एकत्र आणलं, काटा तर एकच हाय." त्या उत्तरापुढं माझं भांडण संपलं. ज्यानं ठेका लिहिला त्यानं वजन विकत घेतलं, तर गाडीवाला वजनच आणणार. हे घरच्या बादलीनं सुटणारं नाही, याची मला पूर्ण कल्पना आहे. ते नगरसेवकाला विचारायला हवं, ठेक्याच्या कागदात विचारायला हवं. वेंगुर्ल्यासारख्या लहान नगरपरिषदेला कचरा डेपोची बाग करता आली, ओल्याचा गॅस करता आला, तर ते आपल्या जिल्ह्यातल्या नगरपरिषदांना का जमू नये, हा प्रश्न मतं मागायला येणाऱ्याला विचारायचा आहे.

पण म्हणून दुसरी बादली बंद करावी, असं मला वाटलं नाही. कारण ड्रायव्हर आणि ढीग यांच्यामध्ये त्या बाई आहेत. त्यांचे हात आहेत. सुकं वेगळं दिलं, तर ते ढिगावर जायच्या आधी त्यांच्या पोत्यात जातं, आणि ओल्यात हात घालायची वेळ त्यांच्यावर येत नाही. एवढा फायदा तर त्या दिवसापासूनच होतो, त्याला ठेका बदलावा लागत नाही.

या हातांना आपण नावं मात्र मोठी दिली. 'मेहतर' हा फारसी शब्द, त्याचा अर्थ मोठा, थोर. 'हलालखोर' म्हणजे कष्टाचं, हक्काचं खाणारा. झाडूवाल्यांसाठी हे नाव अकबर बादशहानं रूढ केलं, असं अबुल फजलनं 'आईन-ए-अकबरी'त नोंदवलं आहे. पुढं मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यात तर 'हलालखोर कर' असा करच होता. मी शब्दांचा माणूस, म्हणून मला हे सांगावंसं वाटतं: शब्दानं माणूस मोठा होत नाही. थोर म्हटलं आणि वस्तीबाहेर ठेवलं, हक्काचं खाणारा म्हटलं आणि शिळं दिलं. थोड्याच काळात ते थोर शब्दही लोक कमी आवाजात बोलू लागले. गाडगेबाबा आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातले. ते आधी गाव झाडायचे आणि मग कीर्तन करायचे. आपण त्यातलं झाडणं फोटोपुरतं ठेवलं आणि कीर्तन तेवढं रोज चालवलं.

नावापेक्षा वेगळं काही करून दाखवलं ते पुण्यातल्या कचरा वेचणाऱ्या बायांनी. १९९३ साली डॉ. बाबा आढावांसारख्यांच्या साथीनं त्यांची 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी राहिली. नावातच किती नेमकेपणा आहे पाहा. कागद, काच, पत्रा. यात 'कचरा' हा शब्दच नाही. त्यांनी महापालिकेकडून ओळखपत्रं मिळवली. ओळखपत्र म्हणजे काय, तर पहाटे पोतं घेऊन फिरणाऱ्या बाईला चोर समजून कुणी हटकलं, तर दाखवायला एक कागद. मग २००८ साली 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था झाली आणि महापालिकेशी करार करून याच बाया दारोदार जाऊन कचरा घेऊ लागल्या. घरटी दरमहा थोडे पैसे त्यांना मिळतात आणि सुक्या मालाच्या विक्रीचे पैसेही त्यांचेच. तिथं त्यांनी आणखी एक गोष्ट लोकांना शिकवली. सॅनिटरी पॅड आणि लहान मुलांची डायपर कागदात गुंडाळून द्या आणि त्यावर लाल ठिपका काढा. ठिपका पाहिला की बाई ते उघडत नाही. एवढ्याशा ठिपक्यात केवढी इज्जत आहे. आपण रोज कुणाच्या तरी उघड्या हातात काय ठेवतो, हे तो ठिपका काढताना प्रत्येकाला एकदा तरी आठवतं.

तो ठिपका वाचूनच मला एक युक्ती सुचली. घरात काही फुटलं की मी ते जाड पुठ्ठ्यात बांधायचो, सुतळीनं आवळायचो आणि वर मार्करनं मोठ्या अक्षरात लिहायचो, 'काच'. अक्षर चांगलं आहे माझं. एके दिवशी असं पुडकं देताना मी धीर केला आणि त्या बाईंना ते जुनं वाक्य सांगून टाकलं, की बाई, तुमच्या हाताला लागली ती काच आमच्या घरची होती.

त्या हसल्या. म्हणाल्या, "मले मालूम होतं जी. त्या दिवशी त्या गल्लीत टरबूज तुमच्याच घरी कापलं होतं."

मी काय बोलणार? मग हातातलं पुडकं उलटसुलट करून त्या म्हणाल्या, "आन् भाऊ, हे तुम्ही काय लिहून देता, मले वाचता नाही येत. लाल चिंधी बांधत जा. चिंधी दिसली का मले समजते."

तेव्हापासून आमच्या दाराच्या खिळ्याला लाल चिंध्यांचा एक जुडगा लटकलेला असतो. बायकोनं जुन्या परकराच्या फाडून ठेवल्या आहेत. काच, ब्लेड, इंजेक्शनच्या सुया, जे काही हाताला लागेल त्याच्या पुडक्याला ती चिंधी बांधायची. गल्लीतल्या पाच-सहा घरांनीही ते उचललं आहे. एका घरात लाल कापड नव्हतं म्हणून त्यांनी पिवळी बांधली, तर बाईंनी ती परत केली.

ट्यूबलाइटचं मात्र अजून जमलेलं नाही. तिच्यात पारा असतो, ती बाईंच्या पोत्यात द्यायची नाही आणि ढिगावरही टाकायची नाही. अशा वस्तू घ्यायला वेगळं केंद्र असावं, असं २०१६ च्या नियमांत होतं. आमच्या गावात मी विचारत फिरलो, तर जो तो दुसऱ्याकडं बोट दाखवतो. तीन जुन्या ट्यूबलाइट कपाटाच्या मागं उभ्या करून ठेवल्या आहेत, प्रत्येकीला एक लाल चिंधी बांधून.